सोन्याचा केर

आमचं यंत्र फसलं होतं. का फसलं हेही आम्हाला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

यंत्राचं नाव 'उगम'. पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं तेव्हा कागदी नोटा व्यवहारातून जवळजवळ गेल्या होत्या. प्रत्येक रुपया ही संगणकातली एक नोंद झाली होती आणि त्या नोंदीला तिचा सगळा प्रवास चिकटलेला असे. लाचेचा, खोट्या बिलांचा पैसा लपवायला आता जागाच नाही, असं काही काळ सगळ्यांना वाटलं. मग तो पैसा सोन्यात गेला. सोनं सोयीचं, कारण एकदा मुशीत वितळलं की त्याची ओळख पुसली जाते. बिस्किट असो, पाटली असो की चोरीचा हार, भट्टीतून बाहेर येते ती एकसारखी पिवळी लगड.

ही समजूत पुरती खरी नाही. खडकातून निघणारं सोनं कधी एकटं नसतं. चांदी, तांबं, प्लॅटिनम, पॅलेडियम, शिसं त्याच्याबरोबर येतात. शुद्ध करताना चांदी-तांबं निघून जातं. पण प्लॅटिनम, पॅलेडियम आणि शिसं अगदी नगण्य प्रमाणात मागे राहतात. शिशाचे अणू चार वेगवेगळ्या वजनांचे असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण तो खडक किती जुना, कसा घडला, यावर ठरतं. 'उगम' लेसरच्या एका टिचकीनं केसाहूनही बारीक जागेची वाफ करतं, वाफेतले अणू वजनाप्रमाणे वेगळे करतं आणि मोजतं. त्या आकड्यांतून उमटतो तो त्या सोन्याच्या खाणीचा आणि शुद्धीकरणाच्या कारखान्याचा ठसा.

सुरुवातीला चोरटं सोनं पटापट पकडलं गेलं. मग समोरच्यांनी सोपा उपाय काढला. चोरट्या लगडीत जुन्या दागिन्यांचं सोनं मिसळायचं, थोडं थोडं, निरनिराळ्या घरांतलं. दहा गावांचं दूध एका टाकीत ओतल्यावर कुठल्या गोठ्याचं कुठलं ते सांगता येत नाही, तसं झालं. यंत्राला दिसे ती फक्त सरासरी, आणि सरासरी निर्दोष असे.

त्या दिवसांत आमच्याकडे एक प्रकरण होतं आणि ते माझ्या गावाकडचं होतं. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कोरड्या तालुक्यासाठी एक कालवा काढला होता. पहिलं पाणी सोडलं त्या दिवशीच तो फुटला, कारण अस्तरीकरणातलं सिमेंट बरंचसं कागदावरच होतं. कंत्राटदाराच्या पैशानं परदेशातून चोरट्या लगडी आणल्या जात. त्यांतल्या काही विमानतळावर सापडल्या, त्यांचा ठसा आमच्याजवळ होता. बाकीचं सोनं हुबळीच्या बाजारात मुरलं असावं, एवढाच तपास अधिकाऱ्यांचा अंदाज. पण तिथल्या सगळ्या लगडी स्वच्छ निघाल्या. 'उगम'चा निधी बंद करण्याची टिपणी वर गेली.

एका दुपारी मी त्या सरासरीच्या आलेखाकडे बघत होते. मनात आलं, सरासरी लगडीची होते, कणाची होत नाही. लगड मिसळण्याआधी कुणीतरी तोडतं, कानस मारून बघतं. तेव्हा कण उडतात, जमिनीवर पडतात, आणि ते कधीच मुशीत जात नाहीत. मग ते जातात कुठे? याचं उत्तर मला शोधावं लागलं नाही, कारण मी गलाईवाल्यांच्या घरातली.

आमच्या भागात पाणी नव्हतं, म्हणून आजोबांच्या पिढीपासून माणसं देशभर पांगली आणि शहराशहरांत सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा, गलाईचा, धंदा करू लागली. माझ्या दादाचं दुकान हुबळीत, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत. दिवाळीआधी दागिन्यांचे कारखाने झाडून काढतात. जमिनीवरची धूळ, फाटकी बस्करं, कारागिरांनी हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, सगळं पोत्यांत भरतात आणि गलाईवाल्यांना विकतात. त्या केरात सोनं असतं. पोत्याचं तोंड विकणारा स्वतः बांधतो आणि गाठीवर लाखेचा शिक्का मारतो, म्हणजे मागाहून कुणी आतलं काढून तक्रार करू नये. सौदा उक्ता असतो. गलाईवाला पोतं हातानं दाबून भाव बोलतो, आणि एकदा ठरलं की आत जे निघेल ते त्याचं.

मी सुटकेसएवढं छोटं 'उगम' घेऊन हुबळीला गेले.

दुकान आता सारिकावहिनी चालवत होत्या. तेजाबाच्या वाफांनी दादाची फुफ्फुसं गेली, तो ऑक्सिजनच्या यंत्राला नळी लावून आतल्या खोलीत बसून असे. तेव्हा गल्लीतल्या लोकांनी वहिनींना सुचवलं होतं की दुकान चुलतदिराकडे द्यावं, भट्टीपुढे बाई बसलेली बरी दिसत नाही. वहिनींनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भट्टीपुढे बसल्या. वाफा ओढून घेणारा पंखा बसवला, मुखपट्टी लावली. वर्षभरात बाजारात त्यांच्या हाताला नाव झालं. या सगळ्यात त्यांच्या मागे उभे राहिले ते गजाननशेट, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. दुकानाची जागा त्यांची, दादाच्या दवाखान्याचा खर्च त्यांनी उचललेला, आणि बाजारातलं सर्वांत मोठं काम त्यांच्याच कारखान्यातून येणारं. तपास अधिकाऱ्यांचा संशय ज्या दोन-तीन कारखान्यांवर होता, त्यांत पहिलं नाव त्यांचं होतं.

मागच्या खोलीत त्यांच्या केराची पोती रचलेली होती. गाठी बांधलेल्या, लाख शाबूत. सोन्याचा भाव वाढेल म्हणून वहिनींनी ती अजून फोडली नव्हती.

मी सगळं सांगितलं. वहिनी मूस साफ करत ऐकत होत्या.

"म्हणजे अण्णांची सगळी कुंडली माझ्या पोत्यात बांधलेली हाय म्हण की," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, असेल किंवा नसेलही. पोती तुमची आहेत, तुम्ही दिलीत तर ती रीतसर पुरावा होतील, नाही दिलीत तर मी तशीच परत जाईन.

"न्हाई देणार," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग त्यांनी कारण सांगितलं, एखादं गणित सोडवून दाखवावं तसं. या गल्लीत आपल्याकडची पन्नासेक घरं जगतात. सराफ किलोकिलो सोनं आमच्या हातात ठेवून चहाला निघून जातात, इतका विश्वास. एका गलाईवालीनं केर पोलिसांना दिला असं कळलं, की तो विश्वास एका दिवसात संपेल. शिवाय अण्णा. दादाचा श्वास त्यांच्या पैशावर चालला आहे.

चहा झाला. मग वहिनींनीच विचारलं, "तुझं यंत्र चुकतं का गं?"

एका कणावर चुकू शकतं, मी म्हटलं. शेकडो कण एकच सांगत असतील तर नाही.

"मग आधी माझ्या भट्टीपुढचा केर तपास. अण्णांचं काय ते मागनं बघू."

मला ते अनावश्यक वाटलं आणि मी तसं म्हणालेही. पण त्यांनी स्वतः ब्रशनं भट्टीच्या कडेची, फरशीच्या फटींतली धूळ गोळा केली आणि माझ्यापुढे ठेवली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या कितीतरी हुशार माणसांना ही गोष्ट सुचत नाही: दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी तेच मोजमाप स्वतःला लावून बघणं.

दुपारभर यंत्र चाललं. बहुतेक कण साधे होते, जुन्या दागिन्यांचे. मग एक कण वेगळा आला. मग आणखी. पडद्यावर त्यांचे ठिपके एका ठिकाणी जमत गेले आणि ती जागा मी ओळखत होते. विमानतळावरच्या लगडींचा ठसा. चोरटं सोनं मिसळण्याआधी, शुद्ध स्वरूपात, दादाच्या भट्टीपुढे येऊन गेलं होतं.

मी वहिनींना पडदा दाखवला. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. मग उठून आत दादाकडे गेल्या. मी दारात थांबले.

दादानं नाकारलं नाही. गेल्या वर्षी, तब्येत बिघडायच्या आधी, अण्णांच्या थोरल्या मुलानं लगडी आणल्या होत्या. कुठल्याही दुकानाचा शिक्का नव्हता. तुकडे करून, आटवून द्या म्हणाला. दादानं करून दिलं.

"कुठनं आणलं ते विचारायची रीत हाय का आपल्यात?" तो म्हणाला.

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर त्यानं ते तुमच्याकडं आणलं."

दादा नळी सरळ करत राहिला. आता पोती देणं म्हणजे फक्त अण्णांना देणं राहिलं नव्हतं. दुकानाचा परवाना जाणार होता, दादावर गुन्हा लागू शकत होता. मी आत जाऊन म्हणाले की तुमच्या केराची चाचणी अजून कुठे नोंदवलेली नाही. हे वाक्य मी शास्त्रज्ञ म्हणून बोलायला नको होतं, पण बहीण म्हणून मला दुसरं सुचलं नाही.

वहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दादाशी बोलत होत्या. कालवा फुटला तेव्हा खालच्या वस्तीत कुणाकुणाची घरं गेली, तुमचा मामेभाऊ जनावरं सोडवताना कसा वाहून जाता जाता वाचला, हे त्यांनी एकेक करून सांगितलं. ते पाणी टिकलं असतं तर इथून परत जाण्याचा विचार तुम्हीच बोलून दाखवला होता, हेही. मग विचारलं, "तुम्ही सांगणार का मी सांगू?"

"मीच सांगतो," दादा म्हणाला. "तू सांगितलंस तर लोक म्हणतील, बायकोनं नवऱ्याला धरून दिलं."

"म्हणू देत की. एवीतेवी काय काय म्हणतातच."

दादा हसला, आणि हसण्यानं त्याला खोकला आला. वहिनींनी त्याची पाठ चोळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन अण्णांच्या कारखान्यात गेल्या. मी विरोध केला. आधी पोती सील होऊ देत, मग बोला, असं मी परोपरीनं सांगितलं. त्यांचं म्हणणं होतं की लाख शाबूत आहे, ती आजही पुरावा आहे आणि उद्याही. पण ज्या माणसानं आपल्याला जागा दिली त्याला ही गोष्ट पोलिसांच्या तोंडून कळू नये.

अण्णा सत्तरीचे, पांढराशुभ्र सदरा, कानात जुन्या पद्धतीची भिकबाळी. त्यांनी आम्हाला गादीवर बसवलं, कॉफी मागवली. वहिनींनी कॉफीला हात न लावता सांगितलं. स्वतःच्या केरात काय निघालं ते आधी, दादा काय जबाब देणार ते नंतर, आणि पोती देणार आहे हे शेवटी.

अण्णांनी कारागिरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरगा म्हणाला होता, या वर्षीचा केर विकू नका, गटारात टाका. मी माणसाला पोतं घेऊन गटारापर्यंत पाठवलं. आणि परत बोलावलं. सारिका, चार पिढ्या झाल्या गं, सोन्याची धूळ पाण्यात सोडायला हात धजत नाही."

जगातली सगळी हुशारी वापरून त्यांच्या मुलानं मिश्रणाचं प्रमाण बसवलं होतं. संगणकावरच्या नोंदी चोख होत्या. फक्त केर फेकून देणं त्या घराला जमलं नाही.

मग अण्णांनी पोती परत मागितली. भाव तू सांग, म्हणाले. पाठोपाठ त्यांनी दवाखान्याचं नाव काढलं. धमकी म्हणून नव्हे, अगदी काळजीच्या सुरात, आणि म्हणूनच ते ऐकवेना. दादाला पुढच्या महिन्यात मोठ्या तपासण्यांसाठी न्यायचं होतं.

"अण्णा, तुमचे उपकार मी विसरणार न्हाई," वहिनी म्हणाल्या. "दवाखान्याचे पैसे जमतील तसे फेडीन, तेही फेडीन. पण विकलेला केर परत घेत न्हाईत, हे मला या गल्लीत तुम्हीच शिकवलंत."

अण्णांनी मान हलवली. होकार होता की नकार, मला कळलं नाही. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी आपल्या मुकादमाला आमच्याबरोबर धाडलं, गाठी आणि लाख आपल्याच कारखान्याची आहे हे सही करून सांगायला. त्यांना तसं करण्याची गरज नव्हती.

पोत्यांत शेकडो कण सापडले. एकाच ठशाचे, मिसळण्याआधीचे. त्यांच्या आधारानं माग कंत्राटदारापर्यंत गेला. अण्णांचा मुलगा पकडला गेला, अण्णांनी स्वतः जबाब दिला आणि कारखान्याला कुलूप लावलं. न्यायालयानं कणांचा पुरावा मान्य केला, 'उगम'चा निधी वाढला, आणि आता ठिकठिकाणच्या कारखान्यांतला केर रीतसर तपासला जातो. माझ्या शोधनिबंधाच्या आरंभी मी सारिका मुळीक यांचे आभार मानले आहेत. छापून आल्यावर ती ओळ मला फार तोकडी वाटली.

कारण किंमत त्यांनी मोजली. दादाला साक्षीदार म्हणून सोडलं, पण चौकशी संपेपर्यंत दुकानाला सील होतं. भट्टी नाही, उत्पन्न नाही. गलाई संघटनेची बैठक झाली, तिथे एकानं उभं राहून म्हटलं की या बाईनं सगळ्या गल्लीच्या चुली विझवल्या. वहिनींनी सगळ्यांचं ऐकलं आणि एकच गोष्ट मांडली: यापुढे सोनं हातात घेताना ते कुणाचं आहे हे प्रत्येकानं विचारावं, एकटी विचारेल तर तिचं गिऱ्हाईक जाईल, सगळे विचारतील तर जाणार कुठे? टाळ्या पडल्या नाहीत. दोन-तीन जणांनी मात्र बैठकीनंतर त्यांच्यापाशी चप्पल घालायच्या निमित्तानं रेंगाळून, तुमचं बरोबर आहे, असं हळूच सांगितलं. दादाच्या तपासण्यांसाठी वहिनींनी बांगड्या मोडल्या. त्या आटवायला दुसऱ्याच्या दुकानात गेल्या तेव्हा त्याला अवघडल्यासारखं झालं, आणि या हसत म्हणाल्या, "विचार की, कुणाच्या म्हणून."

परवाना परत मिळाला तेव्हा मी सुट्टी काढून हुबळीला गेले. दुकान उघडलं होतं, नवी जागा, पहिल्यापेक्षा लहान. मी होते त्या सगळ्या दिवसांत सराफांपैकी कुणी फिरकलं नाही. वहिनी रोज भट्टी पुसून ठेवत, दादा दाराशी खुर्ची टाकून बसे.

निघायच्या दिवशी सकाळी एक तिशीतला माणूस आला. नीटनेटका, इस्त्रीचे कपडे. रुमालात बांधलेल्या चार जाड पाटल्या आणि एक पुतळ्यांची माळ. आटवून लगड करून हवी होती, लगेच. मजुरी म्हणाल ती देतो म्हणाला. दादा खुर्चीत सरळ बसला. एवढं काम म्हणजे महिन्याचं औषध.

"कुणाचं सोनं हे?" वहिनींनी विचारलं.

घरचंच आहे, असं तो माणूस पुटपुटला. घरात कुणाचं, असं वहिनींनी पुन्हा विचारलं, अगदी साध्या आवाजात. त्याचा चेहरा उतरला. त्यानं रुमाल गुंडाळला आणि तो निघून गेला.

दादानं वहिनींकडे पाहिलं आणि मान फिरवली. मलाही वाटलं, कदाचित चोरीचं नसेल, कदाचित नुसता भिडस्त माणूस असेल, आणि आपण एका भल्या माणसाला घालवलं. वहिनींनाही ते वाटलं असणार, कारण त्या दिवसभर मधूनमधून दाराकडे बघत होत्या. पण हाक मारून त्याला परत बोलावलं मात्र नाही.

माझी गाडी संध्याकाळची होती. मी पिशवी उचलत होते तेव्हा तो माणूस परत आला. बरोबर एक म्हातारी बाई होती, त्याचा हात धरून पायरी चढली, स्टुलावर बसली, दम घेतला. मग तोच रुमाल तिनं आपल्या मांडीवर उलगडला.

"माझं आहे," ती म्हणाली. "मुलाला व्यवसायाला पैसे हवेत. ह्या दोन पाटल्या आटवा. ह्या दोन मी ठेवणार, आणि माळ नातीची."

वहिनींनी दोन पाटल्या घेतल्या आणि भट्टी पेटवली. सकाळी नाहक खोलात शिरले, मुलाला अवघडल्यासारखं झालं असेल तर माफ करा, असं त्या म्हातारीला म्हणाल्या.

"माफी कशाची?" ती म्हणाली. मुलगा जमिनीकडे बघत होता. "तुम्ही विचारलंत म्हणून ह्यानं घरी येऊन मला विचारलं. तोवर कपाटातून गेलंय हेसुद्धा मला माहीत नव्हतं."